व्हर्नर सारेलाच्या भट्टीचा फ्यूज

मंगळवारी सकाळी सारेलांच्या परसातल्या सॉनाच्या, म्हणजे चूल पेटवून घाम काढायच्या लाकडी खोलीच्या, धुराड्यातून धूर निघताना दिसला आणि मी हातातला कप खाली ठेवला. आमच्या गावात फिनिश माणूस सॉना तापवतो तो शनिवारी. आडवारी धूर दिसला तर जुन्या बायका म्हणायच्या, घरात बाळंतपण आहे; पूर्वी ती सॉनातच व्हायची. व्हर्नर सारेला एकाहत्तर वर्षांचा, त्याची बायको आयली अडुसष्टची. ती शक्यता मी सोडून दिली आणि बूट चढवले.

बाहेर उणे अठ्ठावीस होतं. उत्तर मिनेसोटात जानेवारीत एवढं असतंच, त्याचं कुणी काही बोलत नाही. मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि सॉनाचं दार ठोठावलं. आत लाकडी बाकावर नवराबायको पूर्ण कपड्यांत, कोट-टोप्यांसकट बसले होते. मध्ये बादली पालथी घालून तिच्यावर अंड्यांच्या बशा मांडल्या होत्या. व्हर्नरच्या मांडीवर घर तापवायच्या भट्टीचा नकाशा पसरलेला होता.

"दार लाव, आर्डिस. ऊब जाते," तो म्हणाला.

"घरात काय झालंय?"

"काही नाही. भट्टीची एक किरकोळ तपासणी चालू आहे."

"नवव्या दिवशी," आयली म्हणाली. "किरकोळ तपासणीचा आज नववा दिवस."

व्हर्नर कोण, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. खाणीच्या या गावात तो एकतीस वर्षं वीजजोडणीचा तपासनीस होता. नवं घर बांधा, स्वयंपाकघर वाढवा, गॅरेजमध्ये एक दिवा लावा, तो सही करेपर्यंत बटण दाबायची सोय नव्हती. काम पसंत पडलं नाही की तो एक लाल चिठ्ठी चिकटवायचा आणि एक शब्द न बोलता गाडीत बसायचा. चर्चमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची, तिचं कारण तेच होतं. तो लाच खात नसे, ओळख धरत नसे, हसत नसे. सख्ख्या मेव्हण्याला त्याने चार चिठ्ठ्या दिल्या होत्या. मेव्हणा शेवटी विस्कॉन्सिनला राहायला गेला.

तर अशा माणसाच्या घरातली भट्टी, म्हणजे तळघरातली ती गरम हवा वर सोडणारी लोखंडी पेटी, रोज फ्यूज उडवत होती.

फ्यूज केवढा? नखाएवढा. गाड्यांमध्ये असतो तसला, जांभळ्या रंगाचा. भट्टीच्या पोटात एक विजेचा फळा असतो, त्यावर तो खोचलेला. तो उडाला की भट्टी मुकी. नवा खोचला की भट्टी सुरू, आणि व्हर्नरच्या चेहऱ्यावर विजय. मग दोन तासांनी, कधी सहा तासांनी, पुन्हा घर थंड.

त्याने आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट बदलला. मग ट्रान्सफॉर्मर बदलला. मग आख्खा फळाच सदोष आहे असं ठरवून डुलुथहून नवा मागवला, आणि तो येईपर्यंत जुना काढून ठेवला. म्हणून मंगळवारी सॉना.

"कारखान्यात आता माणसं राहिलीच नाहीत," तो मला म्हणाला. "सगळं काम निष्काळजी. माझ्या वेळी असला फळा मी दारातूनच परत पाठवला असता."

"नवीन फळ्यानेही नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर कारखान्याने दोन सदोष फळे बनवले असतील."

नवा फळा बुधवारी बसला. गुरुवारी सकाळी त्याने फ्यूज उडवला.

आता व्हर्नरने पद्धतशीरपणे घ्यायचं ठरवलं. त्याने एक वही केली. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, घरातलं तापमान, घरात कोण काय करत होतं. चार दिवसांत वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. सातपैकी पाच वेळा फ्यूज उडाला तेव्हा आयली स्वयंपाकघरात पाव करत होती.

दुसऱ्या दिवशी आयली माझ्या दारात उभी. एका हातात पिठाचं भांडं, दुसऱ्या हातात पुल्ल्यासाठी, त्या वेणी घातलेल्या फिनिश गोड पावासाठी, वेलचीची पुडी.

"माझ्यावर बंदी आलीये," ती म्हणाली.

"कसली?"

"पावाची. आमचा ओव्हन म्हणे वीज ओढतो आणि त्याने भट्टीवर दाब येतो. सत्तेचाळीस वर्षं मी त्या घरात पुल्ला भाजतेय, आर्डिस. सत्तेचाळीस वर्षांत भट्टीने कधी तक्रार केली नाही. आता वहीत पुरावा आलाय."

"ओव्हन आणि भट्टीचा काही संबंध असतो का?"

"मला काय माहीत? मी आरोपी आहे."

ती माझ्या ओट्यावर पीठ मळायला लागली. आयली मळते तेव्हा सगळं अंग घालून मळते. टाचांवर मागे, चवड्यांवर पुढे, नाव वल्हवल्यासारखी. माझं घर वेलचीच्या वासाने भरलं. खरं सांगायचं तर ते दोन दिवस मला फार सुखाचे गेले. मी एकटी राहते. कुणी ओट्याशी उभं राहून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगतंय आणि ओव्हनमध्ये वेणीचा पाव फुगतोय, हे बऱ्याच वर्षांनी घडत होतं.

त्या दोन दिवसांत फ्यूज उडाला नाही. व्हर्नर कुंपणापाशी येऊन मुद्दाम मला म्हणाला, "अठ्ठेचाळीस तास. आकडे खोटं बोलत नाहीत."

मग तो घरात गेला, हे यश वहीत नोंदवण्यासाठी. वही ठेवली होती ओट्यावर. लिहिता लिहिता तो काय ते वाचत उभा राहिला असेल, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत, आणि भट्टी बंद पडली.

घरात त्या वेळी तो एकटाच होता. आयलीने नंतर मला ती नोंद दाखवली. "घरात कोण काय करत होतं" या रकान्यात त्याने लिहिलं होतं: अज्ञात कारण.

शनिवारी मी त्याच्यासाठी पावाचा तुकडा घेऊन गेले. तो तळघरात होता, कानटोपी, हातमोजे, डोक्याला बॅटरी. तोंडातून वाफ निघत होती. भट्टीचं पोट उघडं आणि समोर खोक्यात जळलेले जांभळे फ्यूज. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातले होते नव्हते तेवढे त्याने संपवले होते. दुकानदाराने तर विचारलं होतं म्हणे, व्हर्नर, खातोस की काय?

मला विजेतलं कळत नाही. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. पण बसचा दिवा लागेनासा झाला तर आमचा मेकॅनिक आधी तार बघायचा, एवढं आठवत होतं.

"व्हर्नर, ही वर थर्मोस्टॅटकडे जाते ती तार पाहिलीस का?"

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. बॅटरीचा झोत थेट माझ्या डोळ्यांत.

"ती तार मी घातलीये," तो म्हणाला.

"हो, पण..."

"आर्डिस. ती तार मी घातलीये."

तो विषय तिथे संपला. मी वर पाहिलं. छताच्या तुळईवरून ती करडी तार गेली होती, आणि मान्य करायला हवं, देखणं काम होतं. एका रेषेत सरळ, आणि दर वितीला एक दोन पायांचा खिळा, तिला तुळईशी घट्ट आवळून धरणारा.

भट्टीवाला बोलवायची सोय नव्हती अशातली गोष्ट नाही. गावात एक भट्टीवाली आहे, लोरेटा स्क्राबा. पन्नाशीची, ठेंगणी, शिट्टी वाजवत काम करणारी. पण लोरेटाला बोलावणं म्हणजे काय, हे व्हर्नरला माहीत होतं आणि सगळ्या गावालाही.

एकोणीस वर्षांपूर्वी लोरेटाने पहिलं मोठं काम घेतलं होतं, स्लोव्हेनियन मंडळाच्या सभागृहातली भट्टी. तिने थर्मोस्टॅटची तार थोडी सैल सोडली होती, मध्ये मध्ये हलकेच अडकवलेली. व्हर्नरने पाहिलं आणि लाल चिठ्ठी लावली. ती म्हणाली, "मिस्टर सारेला, लाकूड हिवाळ्यात आखडतं, उन्हाळ्यात फुगतं. तारेला श्वास घ्यायला जागा नको का?" तो म्हणाला, "तार श्वास घेत नाही. दर वितीला खिळा." दुसऱ्या दिवशी सभागृहात लग्न होतं. वऱ्हाडी आत टेबलं मांडत होते आणि लोरेटा शिडीवर चढून खिळे मारत होती. खाली हात मागे बांधून व्हर्नर मोजत होता. मी तिथे होते. नवरीची मावशीसुद्धा मोठ्याने मोजायला लागली होती.

म्हणून लोरेटाचं नाव त्या घरात निघत नव्हतं.

रविवारी घरातलेही सगळे फ्यूज संपले. डुलुथचा रस्ता बर्फाने बंद. सोमवारी सकाळी आयलीने स्वयंपाकघराचा नळ उघडला आणि त्यातून काहीही आलं नाही. ती कोट न घालता, नुसती स्वेटरवर, माझ्याकडे आली.

"फोन दे."

"कुणाला करतेस?"

"लोरेटाला."

"व्हर्नर?"

"व्हर्नर नळाला लोकरीचा मफलर गुंडाळतोय. माझा मफलर." तिने नंबर फिरवला. "मी त्याच्यासाठी नाही बोलावत. मी नळासाठी बोलावतेय. नळाने कुणाला चिठ्ठी दिलेली नाही."

लोरेटा दुपारी बाराला आली. मीही गेले. शेजारधर्म म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

व्हर्नर तळघराच्या जिन्यात उभा होता. त्याने आयलीकडे पाहिलं, मग लोरेटाकडे, मग तिच्या हातातल्या पेटीकडे.

"परवाना आहे?" त्याने विचारलं.

"तुमच्याच सहीचा," लोरेटा म्हणाली. "तिसऱ्या खेपेला दिलात. सरका जरा, मिस्टर सारेला."

तो सरकला. त्याने वही पुढे केली. लोरेटाने ती पानापानाने, अगदी नीट वाचली. मी तिच्या हसण्याची वाट पाहत होते, पण ती हसली नाही.

"चांगली ठेवलीये," ती म्हणाली. "एवढं कुणी लिहून ठेवत नाही. आता मी फ्यूज जाळणार नाही, तुम्ही पुरेसे जाळलेत."

तिने फ्यूजच्या जागी एक छोटं बटण असलेलं यंत्र खोचलं. काही चुकलं की ते बटण टक् करून बाहेर उडतं, आणि परत दाबलं की पुन्हा चालू. मग तिने फळ्यावरून वर जाणाऱ्या तारेची सगळी टोकं सोडवली, आणि जागच्या जागी एक बोटभर तार जोडून भट्टीला चालू व्हायला सांगितलं. भट्टी घरघरली, पेटली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बटण जागेवर.

"म्हणजे फळा चांगला, ट्रान्सफॉर्मर चांगला," लोरेटा म्हणाली. "जुनाही चांगलाच असेल, मिस्टर सारेला. फेकला नाहीत ना?"

 उरलं काय, ते व्हर्नरला माझ्याआधी कळलं होतं. तो वर पाहत होता, पण तुळईकडे नाही, तिच्या जरा बाजूला.

लोरेटाने तार पुन्हा जोडली. बटण शांत. ती शिट्टी वाजवत उभी राहिली. मग तिने वही पुन्हा उघडली आणि विचारलं, "मिसेस सारेला, पीठ कुठे मळता?"

"ओट्याशी. खिडकीच्या बाजूला."

"जाऊन मळा ना."

"पीठ नाहीये भिजवलेलं. आणि मला बंदी आहे."

"नुसतं उभं राहून मळल्यासारखं करा."

आयली वर गेली. आमच्या डोक्यावर तिची पावलं ऐकू आली, ओट्याशी थांबली. मग टाचांवर मागे, चवड्यांवर पुढे. फळी कुरकुरली.

टक्.

लोरेटाने बटण दाबलं. वर कुरकुर. टक्.

"चालू ठेवू का?" वरून आयली ओरडली. आवाजात आनंद लपत नव्हता.

"आणखी एकदा!"

टक्.

लोरेटाने शिडी लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर खाली, जिथे तार वरच्या जमिनीतल्या भोकातून वर जाते, तिथला खिळा तिने पकडीने हलकेच उपटला आणि तार बॅटरीखाली धरली. खिळ्याने तारेचं आवरण दोन्ही बाजूंनी दाबून फाडलं होतं. आत लाल आणि निळी, दोन उघड्या तारा केसभर अंतरावर. वर कुणी भार दिला की जमीन दबायची, तार ओढली जायची आणि त्या दोघी एकमेकींना चिकटायच्या.

 लोरेटा बोलू शकली असती. एकोणीस वर्षं तिच्याजवळ एक वाक्य तयार असणार. मी तर ते ऐकायलाच आले होते. तिने तारेचा तेवढा भाग कापला, नवा जोडला, सैल ठेवून दोन जागी अलगद अडकवला. मग कागदांचा गठ्ठा काढला आणि लिहिलं: तार जुनी झाल्याने खराब. बदलली.

व्हर्नरने कागद हातात घेतला. वाचला. त्याचे कान लाल झाले.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"चालतं हो. भट्टी चालू झाली ना."

"तार जुनी नाही. तार उत्तम आहे. खिळा जास्त ठोकलाय. कारण लिही."

"मिस्टर सारेला, मी गिऱ्हाइकाला पचेल तेवढंच लिहिते."

"मी गिऱ्हाईक नाही!" तो एवढ्याने ओरडला की आयली जिन्यात आली. "एकतीस वर्षांत मी कुणाला पचेल असं लिहिलेलं नाही. पेन दे."

त्याने तिचं वाक्य खोडलं आणि भट्टीच्या झाकणावर कागद ठेवून सावकाश अक्षरात लिहिलं: खिळा प्रमाणाबाहेर घट्ट. आवरण फाटलं. काम करणारा: व्ही. सारेला. खाली सही केली, तारीख घातली. मग खिशातून पाकीट काढलं, त्यातून एक घडी घातलेली लाल चिठ्ठी काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तो ती बाळगत होता. ती त्याने स्वतःच्या तुळईवर चिकटवली.

लोरेटा ते बघत राहिली. मग म्हणाली, "कॉफी आहे का?"

"नळ गोठलाय," आयली म्हणाली. "आर्डिसकडे आहे."

आम्ही चौघं माझ्याकडे कॉफी प्यायला गेलो.  कप अर्धा झाल्यावर व्हर्नरने लोरेटाला विचारलं, "सभागृहात किती खिळे मारलेस त्या दिवशी?"

"एकशे बारा. तुम्हीच मोजलेत."

"ती तार अजून तीच आहे?"

"तीच."

तो उठला, टोपी घातली आणि गेला. आम्हाला वाटलं, बिचाऱ्याला लाज वाटली. आयलीचे डोळेही भरून आले. ती म्हणाली, "आता हा माणूस बदलणार."

तो सभागृहात गेला होता. किल्ली मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत एकशे बाराच्या एकशे बारा खिळे तपासले. चार सैल केले. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या वह्या काढल्या आणि त्याच्या हुकमावरून ज्यांनी दर वितीला खिळे ठोकले होते त्या घरांची यादी केली. दोनशे सहा घरं.

तिसऱ्या दिवसापासून तो दारं ठोठावायला लागला.

"मी चुकीचा सल्ला दिला होता," तो उंबऱ्यात उभा राहून म्हणायचा. "तळघर दाखवा."

एवढ्या वर्षांत व्हर्नरच्या तोंडून चूक हा शब्द निघाला, म्हणून पहिल्या काही घरांत लोकांनी त्याला केक दिला. पण तळघरात गेला की तो फक्त खिळे बघायचा का? त्याला झिजलेल्या वायरी दिसायच्या, विनापरवाना दिवे दिसायचे, तिसऱ्या मुलासाठी चोरून काढलेली खोली दिसायची. तो आता कुणाला चिठ्ठी देऊ शकत नव्हता, म्हणून समजावून सांगायचा. दीड-दीड तास. पूर्वी तो निदान गप्प तरी असायचा, असं लोक म्हणायला लागले. आणि पूर्वी तो बोलावल्यावर यायचा.

एका घरात त्याला खरोखरच काळी पडलेली तार सापडली, पाळण्याच्या बरोब्बर खाली. ते लोक अजून त्याला नाताळला कार्ड पाठवतात. तोवर झालेल्या बाकीच्या एकशे नव्वद घरांनी नगरपरिषदेकडे तक्रारी केल्या.

मार्चमध्ये परिषदेचं पत्र आलं. आयलीने ते मला तिच्या ओट्याशी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. पहिल्या परिच्छेदात गावाच्या सुरक्षेसाठी केलेल्या निःस्वार्थ सेवेबद्दल त्याचे मनापासून आभार मानले होते. दुसऱ्या परिच्छेदात हे ताबडतोब थांबवण्याची विनंती होती.

"त्याने वाचलं?" मी विचारलं.

"अजून नाही. तो नॉर्थ साइडला गेलाय, आज तीन घरं आहेत." तिने पत्र उजेडात धरलं, दोन्ही परिच्छेद पुन्हा एकदा पाहिले. "सकाळी आठला जातो, पाचला येतो. दमून जेवतो, झोपतो. भट्टीकडे ढुंकून बघत नाही, ओव्हनचं नाव काढत नाही. तुला ठाऊक आहे, आर्डिस, निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं तो माझ्या मागे मागे दिवे बंद करत फिरत होता?"

तिने खणातून कात्री काढली, पत्र मधोमध आडवं कापलं, खालचा अर्धा भाग सॉनासाठीच्या सरपणाच्या पेटीत टाकला आणि वरचा अर्धा त्याच्या ताटाशेजारी व्यवस्थित ठेवला.